टाकोचा मसाला, येसरच्या वाटेनं

रविवार, सकाळ

आठ वाजलेत आणि गच्चीवरची फरशी तापायला लागलीय. मराठवाड्यात या दिवसांत हवा इतकी कोरडी असते की सुती कापडावर पसरलेली मिरची दोन-तीन तासांत कुडकुडीत होते. वर्षाचं तिखट आणि काळा मसाला करायचे हेच दिवस. त्याच उन्हात टाकोचा, म्हणजे छोट्या पोळीत सारण भरून दुमडून खायच्या मेक्सिकन पदार्थाचा, मसालाही उरकून घ्यावा. पावसाळ्यात करायला बसलं तर लसणाची पूड दोन दिवसांत सादळते आणि बरणीत दगड होऊन बसते.

विकतच्या पाकिटामागचे घटक वाचले की मिरची, जिरं, लसूण, कांदा, ओरेगॅनो, मीठ, साखर अशी ओळखीची नावं दिसतात आणि शेवटी बहुतेक वेळा मक्याचं स्टार्च. मसाल्यात पीठ कशाला? ज्यांच्या घरी येसरचा डबा आहे त्यांना हा प्रश्न पडायला नको. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले एकत्र दळून केलेलं येसर आमटीत पडलं की आमटीला चवही येते आणि ती मिळूनही येते. टाकोच्या पाकिटातलं पीठ नेमकं तेच करतं. खिम्याचं सुटलेलं पाणी ते धरून ठेवतं, मसाला कणाकणाला चिकटतो आणि खालची पोळी ओली होऊन फाटत नाही. घरच्या मसाल्यात पीठ विसरलं की सारण पाणचट होतं, आणि दोष मात्र मसाल्याला दिला जातो.

हा मसाला मुळात टेक्सासच्या स्वयंपाकातला आहे. मेक्सिकोत टाकोचे असंख्य प्रकार आहेत. त्यांतल्या बहुतेकांची चव मिरच्या भिजवून वाटलेल्या सालसांवर उभी असते, तिथे अशी तयार पूड लागत नाही. टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावी विल्यम गेबहार्ट यांनी १८९० च्या दशकात अँचो मिरची मसाल्यांसोबत दळून विकायला सुरुवात केली आणि ‘चिली पावडर’ घरोघरी गेली. आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. अमेरिकी कृतीतली ‘चिली पावडर’ म्हणजे सौम्य मिरची, जिरं, ओरेगॅनो आणि लसूण यांचं मिश्रण. तिथे दोन मोठे चमचे लिहिलेत म्हणून आपलं तिखट दोन चमचे घातलं, तर पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी.

मिरचीची निवड त्यामुळे फार महत्त्वाची. अँचो म्हणजे पिकवून वाळवलेली पोब्लानो ही मेक्सिकन मिरची. तिचा तिखटपणा स्कोव्हिल मापात साधारण १,००० ते २,०००, आणि चव मनुकेसारखी, किंचित गोडसर. आपल्याकडे तिच्या जवळ जाते ती ब्याडगी. सुरकुतलेली, गडद लाल, रंगाला पक्की, तिखटाला बेताची. काश्मिरीही चालते, पण रंग जास्त आणि चव पातळ. गुंटूर किंवा लवंगी मुख्य मिरची म्हणून अजिबात नको. ज्यांना झणझणीत हवं त्यांनी खालच्या प्रमाणातल्या ब्याडगीच्या ४० ग्रॅमपैकी ५ ग्रॅमच्या जागी तेवढी ती घ्यावी.

दुपार

एका छोट्या बरणीचं प्रमाण. वजन पूड झाल्यावरचं आहे, आणि काटा घेऊनच मोजावं, कारण जिऱ्याचा चमचा आणि ओरेगॅनोचा चमचा यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक असतो. ब्याडगी ४० ग्रॅम, जिरं २०, लसूण १०, पांढरा कांदा १०, धणे ५, ओरेगॅनो ४, काळी मिरी ३, बिनसाखरेचा कोको २ आणि ओवा १ ग्रॅम. एकूण ९५. यात मीठ नाही आणि पीठही नाही. दोन्ही शिजवताना घालायचं. मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे मीठ घातलेला मसाला आषाढ लागताच ढेकूळ धरतो. शिवाय मीठ वेगळं असलं तर मसाला वाढवता येतो आणि खारटपणा तेवढाच राहतो.

लसूण आणि कांदा घरी वाळवायचा असेल तर आदल्या आठवड्यातच सुरुवात हवी. सोललेला लसूण वाळून साधारण तिसरा हिस्सा उरतो, म्हणजे १० ग्रॅमसाठी ३० ग्रॅम. कांद्यात पाणी खूप, त्यामुळे तेवढ्याच पुडीसाठी १०० ग्रॅम तरी घ्यावा. पांढरा घ्यावा, लालपेक्षा तो वाळवायला बरा. काप दोन मिलिमीटरचे, सगळे एकसारखे. जाड-बारीक झाले की बारीक करपतात आणि जाड आतून ओले राहतात. वर मलमलचं कापड, तीन-चार दिवस कडक ऊन, रात्री घरात. काप मोडून पाहावा. कट् असा आवाज झाला तर वाळला. वाकला तर आणखी एक ऊन द्यावं, त्यात घाई केली की पुढे सगळी बरणी वाया जाते.

मिरचीचे देठ काढावेत, निम्म्या बिया झाडून टाकाव्यात. जाळ बियांत फारसा नसतो, तो आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. बिया काढायच्या त्या रंग फिका पडू नये आणि पुडीला कडसर चव येऊ नये म्हणून. देठ-बियांची घट धरून ६५-७० ग्रॅम अख्खी मिरची घेतली की पुरते. उन्हातून काढलेली मिरची जाड तव्यावर मंद आचेवर ४०-५० सेकंद फिरवायची. सुवास सुटला की खाली. काळा डाग पडलेली मिरची बाजूला टाकावी, एकही ठेवू नये, कारण तो कडवटपणा साखरेनं झाकत नाही.

जिरं दोन-तीन मिनिटं, एक छटा गडद होईपर्यंत. धणे आणि मिरी तव्याच्या उरलेल्या उष्णतेवर. ओरेगॅनो भाजायचा नाही, त्याचं तेल उडून जातं. त्याबाबत आणखी एक सावधगिरी: पिझ्झाबरोबर येणाऱ्या ‘ओरेगॅनो सीझनिंग’च्या पुड्यांत अनेकदा मीठ, मिरची आणि लसूण असतो. हवी ती नुसती वाळलेली पानं. मेक्सिकन ओरेगॅनो तर वेगळ्याच कुळातली वनस्पती, लिंबासारखा वास असलेली. इथे मिळतो तो भूमध्य समुद्राकडचा, पुदिन्याच्या कुळातला. ओवा घातला तो त्यासाठीच. ओव्यातलं थायमॉल हे वासाचं द्रव्य मेक्सिकन ओरेगॅनोतही असतं, त्यामुळे तो उग्र, उबदार वास थोडा भरून निघतो. पण एकच ग्रॅम. जास्त झाला की सारण पोटदुखीच्या औषधासारखं लागतं. कोको आहे तो अँचोच्या मनुकेपणासाठी, त्याची स्वतंत्र चव कळता कामा नये.

सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिक्सर. आधी जिरं, धणे, मिरी, ओवा, मग मिरची, मग कांदा-लसूण. पाच-पाच सेकंद थांबून फिरवावं, कारण भांडं तापलं की वास तिथेच निघून जातो आणि कांद्याची पूड पात्याला चिकटते. ओरेगॅनो हातानं चुरून आणि कोको चाळून शेवटी. झाकण दहा मिनिटं उघडू नये, नाहीतर ठसक्यानं घर डोक्यावर. कांडपावर द्यायला हे प्रमाण फार थोडं आहे.

काळा मसाला, गरम मसाला, हळद, हिंग यांतलं काहीही यात नको. दगडफूल आणि लवंग आली की ते चवदार असेलही, पण टाको राहत नाही, आपला रस्सा होतो. धुराची चव हवी तर निखाऱ्याचा धुंगार शिजलेल्या सारणाला द्यावा. पुडीला दिला तर निखाऱ्यावरचं तूप तिला लागतं आणि ती महिन्याभरात खवट होते.

संध्याकाळ

वापरायचं माप: २५० ग्रॅम खिम्याला मसाला १० ग्रॅम, म्हणजे भरून एक पोह्याचा चमचा. सोबत अर्धा चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा भाजलेलं ज्वारीचं पीठ. कॉर्नफ्लोअरऐवजी ज्वारी मला इथे अधिक पटते. तिची खरपूस चव मिरचीला धरून असते आणि सारण चकचकीत, चिकट होत नाही. पीठ आधी कोरडंच बदामी भाजावं, कच्चं घातलं तर जिभेवर पिठूळ लागतं.

खिमा आधी पूर्ण परतावा, मगच मसाला. लसणाची पूड गरम तेलात वीस-पंचवीस सेकंदांत करपते, म्हणून अर्धी वाटी पाणी हाताशी ठेवावं. मसाला घातला, हलवला, वास आला की लगेच पाणी. पाण्याआधी ती तेलातली काही सेकंदं मात्र चुकवू नयेत. मिरचीचा रंग आणि जाळ दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही. मग पीठ भुरभुरून पाच-सहा मिनिटं मंद आचेवर. कढईच्या तळाशी चमचा ओढला की वाट दोन क्षण मोकळी राहिली पाहिजे.

सोयाबीनच्या मुलखात सोया चुऱ्याचा टाको व्हायलाच हवा. १०० ग्रॅम कोरडा चुरा गरम खारट पाण्यात दहा मिनिटं भिजवून घट्ट पिळावा. त्यात स्वतःची चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेल तीन पोह्याचे चमचे घ्यावं. तेलात काटकसर केली की मसाला कोरडा, घशाला लागणारा होतो. राजमा घेतला तर तिसरा हिस्सा ठेचावा आणि पीठ वगळावं, त्याचा गरच पुरेसा.

खाली काय, हाही प्रश्न आहेच. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग वाटतात. त्यानं पीठ बांधलं जातं आणि टॉर्टिया, म्हणजे टाकोची पोळी, न फाटता दुमडते. आपलं साधं मक्याचं पीठ तसं वागत नाही, कडा फाटतात. त्यापेक्षा मालदांडी ज्वारीच्या तळहाताएवढ्या भाकरी, उकळत्या पाण्यात पीठ मळून, पातळ थापलेल्या. तव्यावरून काढल्या की कापडात एकावर एक, म्हणजे वाफेनं मऊ राहतात. गार झाल्या की दुमडताना मोडतात, त्यामुळे भरणं ताटावर बसल्यावरच. वर बारीक कांदा, कोथिंबीर, कैरीचा कीस आणि चक्का.

बरणी काचेची, गॅसपासून लांब, वर तारखेची चिठ्ठी. तीन महिने वास टिकतो, नंतर रंग राहतो पण जिरं आणि ओरेगॅनो हरवतात. फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर काढली की आत दव धरतं. सारण उरलं तर ज्वारीमुळे सकाळपर्यंत घट्ट गोळा होतो. दोन चमचे गरम पाणी घालून हलवलं की पुन्हा मोकळं.