काळी फीत आणि आईचं पासबुक

आज आईला घेऊन पेठेतल्या आमच्या पोस्टात गेले होते. बाबांच्या निवृत्तीचे १५ लाख तिने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात, तिचं घर त्यावरच चालतं.

काउंटरवरच्या ताईंच्या बाहीवर काळी फीत होती. तरीही आईचं पासबुक त्यांनी चष्मा सावरत ओळ न् ओळ तपासलं आणि "आजी, वारसाचं नाव लावलंय ना?" हेही विचारलं. मागे रांग दारापर्यंत होती.

जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी युनियनची सभा झाली. रिकाम्या जागा भरा, ग्रामीण डाक सेवकांना पेन्शन द्या, या मागण्या. मुळशीकडून आलेले एक डाक सेवक काका माझ्याच शेजारी उभे होते. कागदोपत्री काम चार-पाच तासांचं, पण आवर्ती ठेवींचे हप्ते गोळा करणं, सुकन्या खाती उघडणं, टपाल वाटणं यात दिवस मावळतो, म्हणाले. २०१८ च्या मे-जूनमधल्या संपातही ते होते. डाक सेवकांचा पगार आणि सेवाशर्ती यांवर नेमलेल्या कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींसाठी लढलो, पगार वाढला, पण खात्याचे नियमित कर्मचारी अजूनही नाही, हे सांगताना त्यांचा आवाज कापरा झाला.

मला खरंच वाईट वाटलं. आपण ज्यांच्या हाती आयुष्यभराची पुंजी निर्धास्तपणे देतो, त्यांच्याच म्हातारपणाची सोय नाही?

आईने पिशवीतली पाण्याची बाटली काढून काकांना दिली. घोषणा सुरू झाल्या, तेव्हा तीही हात वर करून उभी राहिली.