जुना भाडेकरू

आमच्या खिडकीत तुळशीशेजारी बिडाचं एक सिलिंडर आहे. 500 सीसी बुलेटचं. पाहुणे विचारतात, हे काय? बायको सांगते, ‘यांची हौस.’

हौसेला सुरुवात जुन्या कात्रज घाटात झाली. माझी बुलेट 350, काकांकडून आलेली, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. मागे बायको, तिच्या मांडीवर पिशवी. तिसरा गिअर ओढेना म्हणून दुसरा टाकला, तेवढ्यात दोन कॉलेजकुमार स्कूटरवरून आरामात पुढे निघून गेले. मागचा तर फोनवर बोलत होता. बायको माझ्या कानाशी म्हणाली, “अहो, मी थोडं उतरून चालू का?”

त्याच रविवारी जुन्या बाजारातून ते सिलिंडर उचललं आणि माझ्या 350 वर ते चढवून घ्यायला नाना पेठेत चाचांच्या गॅरेजात हजर झालो. माझं गणित सोपं होतं. 350 चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 70 मिलिमीटर, 500 चा 84, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, दोघांचा 90. म्हणजे उंची जवळपास तीच, फक्त पोट सुटलेलं. चौदा मिलिमीटरमध्ये दीडशे सीसी, कोण सोडेल?

चाचांनी कोपऱ्यातला 350 चा एक जुना पिस्टन फडक्यानं पुसला आणि माझ्या सिलिंडरमध्ये सोडला. तो आत घंटेच्या लोलकासारखा ठणठणला. एका बाजूला टेकवला तर दुसऱ्या बाजूनं माझी करंगळी सहज आत गेली. “बसेल, साहेब. बसायला काय, हत्तीपण बसेल,” चाचा म्हणाले. मग हिशेब सुरू झाला. सिलिंडर ज्यावर बसतं त्या क्रँककेसचं तोंड लेथवर मोठं करावं लागेल. पिस्टन जड, म्हणजे तो ज्याला फिरवतो त्या क्रँकचा बॅलन्स नव्यानं काढावा लागेल, नाहीतर हँडल धरून हातांना मुंग्या येतील. हेड वेगळं, कार्ब्युरेटर वेगळा. “आणि थांबवणार कशानं? ह्या ड्रम ब्रेकनं?”

मी साहेबांच्या देशातला दाखला दिला. तिकडे एके काळी 500 सीसीच्या फॉर्म्युला 3 मोटारींना नॉर्टन कंपनीच्या मँक्स मोटरसायकलचं इंजिन हवं असायचं. कंपनी नुसतं इंजिन विकत नसे, म्हणून लोक अख्खी मोटरसायकल घेत, इंजिन काढून घेत आणि तिची ‘फेदरबेड’ नावाची फ्रेम उरायची. त्या फ्रेममध्ये ट्रायम्फ या दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवलं की झाली ट्रायटन. सगळं ऐकून चाचा म्हणाले, “त्यांची फ्रेम बघितली का? आता तुमची बघा.”

त्यांनी मला अक्षरशः उकिडवं बसवलं आणि बॅटरी मारली. फ्रेमचा पुढचा पाइप खाली येतो आणि इंजिनपाशी संपतो. खालून पाइप नाहीच! फ्रेमचा मागचा भाग थेट सीटखाली सुरू होतो. मधली जागा इंजिन आणि त्याला बोल्टनं जखडलेला गिअरबॉक्स सांभाळतात. पंचवीस वर्षं मी ही गाडी पुसतोय, पण हे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. माझ्या डोक्यात फ्रेम म्हणजे वाडा आणि इंजिन म्हणजे भाडेकरू, एक गेला की दुसरा ठेवायचा. इथे भाडेकरूच तुळई निघाला. तो हलवला तर वाडा बसायचा. (पुण्यात भाडेकरू न हलण्याची इतरही कारणं असतात, पण ती कोर्टात.)

एन्फिल्डनं स्वतः हा भाडेकरू बदलला होता, हे मात्र खरं. टॉरस नावाची डिझेल बुलेट आठवते? तिच्यात ग्रीव्हज-लोम्बार्डिनीचं 325 सीसीचं इंजिन होतं, ताकद जेमतेम साडेसहा हॉर्सपॉवर. पेट्रोलच्या 350 ला अठरा. म्हणजे कंपनीनं फ्रेमवर जोर वाढवला नाही, कमीच केला. धडधड मात्र अशी की टॉरस गल्लीत शिरली की पाण्याची मोटर चालू राहिली असं वाटायचं.

आरसी बुकाचाही प्रश्न होताच. क्रँककेस तीच ठेवली तर इंजिन नंबर तोच राहील, पण बुकात 346 सीसी आणि पोटात 499, हे मोटार वाहन कायद्याच्या, गाडीतल्या फेरफारांवरच्या कलम 52 ला कसं समजावणार? मी चहा मागवला.

चहा संपेपर्यंत चाचांनी गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, काढून एक दात कमी असलेलं लावलं होतं. “टॉप स्पीड थोडा जाईल. तसाही तुम्हाला कुठे लागतोय?” हे थोडं लागलं, पण खरं होतं.

परवा पुन्हा त्याच घाटानं गेलो. गाडी तिसऱ्यावर बोगद्यापर्यंत चढली, एकदाही दुसरा टाकला नाही. स्कूटर एक पुढे गेलीच. बायको काही बोलली नाही, ती फोनवर होती.

आणि ते सिलिंडर? त्यात फुलपात्र उतरत नाही, काठाशी अडतं. देवाची उदबत्ती हल्ली त्याच्याच एका बोल्टच्या भोकात उभी असते.