तुम्ही विचारलंत म्हणून: एक टनाचा बॉयलर काढून चारशे किलोचा का बसवला?

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-वाशी भागातले दूध संकलक, खव्याच्या लाकडी भट्ट्या सोडून वाफेच्या कढईकडे वळलेले तरुण आणि त्यांच्या कर्जाचे कागद तपासणारे बँकेतले साहेब, हे सगळे मला एकच प्रश्न विचारतात: धंदा वाढत असताना इथल्या एका डेअरीतला ताशी एक टन वाफ देणारा बॉयलर काढून ताशी चारशे किलोचा बसवायला तुम्ही का सांगितलेत? शंका रास्त आहे. आपल्याकडे मोठे यंत्र ही ऐपतीची खूण मानतात, आणि तो बॉयलर तर बंद पडलेल्या एका कारखान्यातून स्वस्तात मिळालेला होता.

उत्तरासाठी वाफेचा हिशेब मांडावा लागतो. ताशी 2000 लिटरच्या पाश्चरायझरमध्ये दूध 72 अंशांवर 15 सेकंद ठेवतात. पण बाहेर पडणारे गरम दूध आत येणाऱ्या 4 अंशांच्या दुधाला आपली बहुतेक उष्णता देऊन जात असल्यामुळे वाफेने भरून काढायचे अंतर जेमतेम 10 अंशांचे उरते, आणि त्याला ताशी 40 किलो वाफ पुरते. खरी खादाड आहे ती कढई. 100 लिटर दुधाचा खवा करताना 75 ते 80 लिटर पाणी उडवावे लागते, म्हणजे वाया जाणारी धरून सुमारे 100 किलो वाफ लागते. दोन कढया आणि टाक्या-नळ्या धुण्याचे गरम पाणी मिळून ऐन गर्दीच्या तासालाही आकडा 300 च्या पुढे जात नाही.

कागदावर मालकांचा विश्वास बसत नाही, म्हणून मी त्यांना घड्याळ घेऊन बर्नरसमोर बसवतो. दोन्ही कढया चालू असताना तो डिझेल बर्नर तासातली वीसच मिनिटे पेटत होता, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी: वाफेचा दाब 7 किलोला (दर चौरस सेंटिमीटरवर) पोचला की बंद, जरा उतरला की पुन्हा चालू. प्रत्येक वेळी पेटण्याआधी पंखा भट्टीतून गार हवा फुंकतो; साचलेला वायू बाहेर काढण्यासाठी ते आवश्यकच असते, पण त्या हवेबरोबर नळ्यांमधली उष्णताही धुराड्यातून निघून जाते. बॉयलरच्या अंगातून झिरपणारी उष्णता तर मागणी किती आहे हे पाहत नाही. पूर्ण भारावर 2 टक्के असलेले हे नुकसान एक तृतीयांश भारावर 6 टक्क्यांवर जाते. शिवाय सतत गरम-गार होऊन नळ्यांची टोके ढिली पडतात. थंड देशांत घरे तापवणाऱ्या, तळघरातल्या ओतीव लोखंडाच्या बॉयलरांचेही दुखणे हेच आहे: भिंतींना उष्णतारोधक अस्तर लागले, खिडक्या सुधारल्या, उष्णतेची गरज घटली, बॉयलर मात्र जुन्याच मापाचा राहिला.

बॉयलर बदलण्याआधी आम्ही बर्नरला इंधन फवारणारे लहान नोझल लावले आणि दाब पाहून बर्नर चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचचे चालू-बंदमधले अंतर वाढवले. फरक पडला, पण नोझल एका मर्यादेपलीकडे लहान करता येत नाही, कारण धूर फार थंड झाला की धुराड्याला आतून आम्लाची ओल धरते आणि पत्रा गंजतो.

मग तीनशेचा का नाही? पाटीवरची क्षमता 100 अंशांच्या पाण्याची 100 अंशांवरच वाफ करण्याच्या मापाने लिहिलेली असते. 30 अंशांचे पाणी घालून 7 किलो दाबाची वाफ मागितली, की चारशेच्या बॉयलरमधून सुमारे 340 किलोच मिळते. हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. कढयांतून वाफेचे होणारे उकळते पाणी तिथे गटारात सोडत असत. ते आता फीडच्या, म्हणजे बॉयलरमध्ये घालायच्या पाण्याच्या, टाकीत परत येते. फीडचे पाणी दर 6 अंशांनी गरम झाले की सुमारे 1 टक्का इंधन वाचते, आणि ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो व बोअरचे क्षारयुक्त पाणी सॉफ्टनरमधून, म्हणजे जडपणा काढणाऱ्या यंत्रातून, काढल्याशिवाय वापरता येत नाही, तिथे ही पाण्याची बचत मला इंधनापेक्षाही मोलाची वाटते.

दूध वाढले तर शेजारी दुसरा चारशेचा बसेल. त्यासाठी जागा आणि वाफेच्या मुख्य नळाला व्हॉल्व्हसह जोड आताच ठेवला आहे. मग एक तपासणीसाठी उघडलेला असताना दुसऱ्यावर पाश्चरायझर आणि किमान एक कढई चालू ठेवता येईल.