जुना लेथ आणायला: पुणे ते कोल्हापूर आणि परत

लेथ म्हणजे धातू फिरवत कातायचं यंत्र. निघण्याआधी विक्रेत्याला फोन करून त्या भागातला सुट्टीचा वार विचारा. एमआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) सुट्टी रविवारीच असते असं नाही. भोसरी-चिंचवडला ती गुरुवारी. सुट्टीला वीज बंद असली तर मशीन फिरवून बघता येत नाही, आणि न फिरवलेल्या लेथला भंगाराच्या भावापेक्षा जास्त देऊ नये.

सकाळी सहाला पुणं सोडलं तर अकरापर्यंत उद्यमनगर किंवा शिरोली, म्हणजे कोल्हापूरचा कारखान्यांचा भाग. सोबत मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, 0-25 मिमीचा मायक्रोमीटर, 25 मिमी जाडीचा एमएसचा (साध्या पोलादाचा) फूटभर रॉड, धार लावलेलं टूल आणि रॉकेलचा बोळा.

ताजा हिरवा रंग बघून भुलू नका. रॉकेलने बेड (लेथचा लांब पाया) पुसा आणि चकजवळ, म्हणजे रॉड पकडणाऱ्या जबड्याजवळ, नख आडवं फिरवा. सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) जिथे कधी पोचत नाही ती पट्टी कोरी राहते, बाकीची झिजते. मधली पायरी नखाला लागते. मग सॅडल चकजवळ आणून गिब (ढिलाई काढायची पट्टी) प्ले, म्हणजे ढिलाई, जाईपर्यंत आवळा आणि टेलस्टॉककडे, म्हणजे चकसमोरच्या टोकाच्या आधाराकडे, न्या. वाटेत जाम झालं की बेड घासलाय, सौदा सोडा. बेड ग्राइंडिंगचा खर्च घरच्या वर्कशॉपला झेपत नाही. क्रॉस स्लाईडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) हँडलला पाव फेरा प्ले मात्र माफ. गनमेटलचा नट नवा करून मिळतो.

रॉड चकबाहेर 100 मिमी ठेवून, टेलस्टॉक न लावता 0.2 मिमीचा कट घ्या. कातलेल्या भागाच्या दोन टोकांच्या व्यासात 0.02 मिमीपर्यंत फरक चालेल. जास्त आला तरी लगेच नकार नको: फरशी उंचसखल असली की बेड पिळतो, आणि लेव्हल केल्यावर तो टेपर (व्यासातला फरक) जातो.

घरी सिंगल फेज असेल तर मोटारीचा टर्मिनल बॉक्स उघडा. 2 एचपीपर्यंतच्या मोटारी बहुधा थ्री फेज, 415 व्होल्टला स्टार जोडणीच्या असतात. सहा वायरी बाहेर असतील तर जोडणी डेल्टा करून 230 व्होल्टच्या व्हीएफडीवर (सिंगल फेजचं थ्री फेज करणाऱ्या ड्राइव्हवर) चालेल. तीनच असतील तर स्टारची गाठ आत आहे, रिवाइंडरचं (मोटार गुंडाळणाऱ्याचं) काम.

चेंज गिअर (आट्यांचं माप बदलायचे सुटे गिअर) मोजून घ्या. इंची लीड स्क्रूवर (आटे पाडताना सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूवर) मिलिमीटरचे अगदी अचूक आटे पाडायचे तर 127 दातांचा लागतो.

उचलताना चक, टेलस्टॉक आणि मागची मोटार आधी उतरवा, सॅडल टेलस्टॉकच्या टोकाला सरकवा. वजन हेडस्टॉककडे (चक फिरवणाऱ्या डोक्याकडे) असतं, म्हणून पट्टा तिकडे. लीड स्क्रूला पट्टा लागला की तो वाकतो. पिकअपमध्ये पाय लाकडी ओंडक्यांना बोल्ट करा, आणि खंबाटकी घाटाआधी साताऱ्याला थांबून पट्टे पुन्हा ताणा.