गुडघ्यावर बसताना उंची कुठं ठेवायची?

सिनेमाला बसलो की मागचा माणूस ठरलेलं वाक्य बोलतो, "दादा, जरा खाली सरका की." सहा फूट तीन इंच उंचीची मला सवय झाली होती. ती आड आली रायफल नेमबाजीत, नीलिंगमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून नेम धरताना.

कॉलेजात एनसीसीमुळं रायफल हातात आली, तीही प्रोनमध्येच. पोटावर पडायचं, स्लिंग म्हणजे हाताला अडकवायचा रायफलीचा पट्टा ताणायचा आणि मारायचं. पुढं थ्री पोझिशनच्या नादी लागलो: ५० मीटरवर नीलिंग, प्रोन, स्टँडिंग, प्रत्येकी २० गोळ्या. प्रोन बरं होतं, स्टँडिंग सगळ्यांचंच रडतं. पण नीलिंगला २०० पैकी १७४ च्या वर गाडी हलेना. लक्ष्यावरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. माझ्या गोळ्या त्याच्या खाली-वर उभ्या रांगेत लागायच्या.

चूक डोळ्यांना दिसत होती. मान पुढं काढून, पाठीला कुबड आणून मी चीकपीसवर, म्हणजे रायफलीच्या गाल टेकायच्या भागावर, गाल टेकवायचो आणि भुवईखालून, तिरक्या नजरेनं साइटमधून (नेम धरायच्या भोकातून) बघायचो. दहाव्या गोळीला मान भरून यायची. त्यावर एक सल्ला मिळाला, "तू उंच आहेस, मोठा रोल घे." मला तो पटला, हीच पंचाईत.

रोल म्हणजे उजव्या पायाच्या घोट्याखाली घ्यायची लोडासारखी गोल उशी. नियमानं ती २५ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर व्यासाची, त्याहून मोठी चालत नाही. तयार रोल महाग पडतो, म्हणून आजीनं जुन्या ताडपत्रीचा शिवून दिला आणि आत घरची ज्वारी भरली. मी ठासून भरायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "लेकरा, ज्वारी खायला असती, बसायला नाही."

परभणीत ५० मीटरची सोय नसल्यानं खऱ्या गोळ्या मारायच्या तर रात्रीची गाडी पकडून पुणं, बालेवाडीची रेंज. बाकी दिवस घरी एअर रायफल, भिंतीवर पेनानं काढलेला ठिपका आणि ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळी न घालता सराव. मे महिन्यात नेमबाजीचं जाड, कडक जॅकेट घालून शहाबादी फरशीवर बसायचं म्हणजे पहाटे पाचलाच उरकावं लागतं. आठ वाजता जॅकेटच्या आत भट्टी पेटते.

१ ऑगस्ट २०२४ ला नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य जिंकलं. ती फायनल नीलिंगनंच सुरू झाली होती. त्यांच्या बैठकीचे मोबाइलवर फोटो काढून मी महिनाभर तसंच बसायचा प्रयत्न केला. पाय तिथंच, कोपर तिथंच. पण अंग त्यांचं नव्हतं ना! गुण आणखी घसरले.

उलगडा झाला तो जेवताना. मोठा भाऊ आणि मी उभे राहिलो तर जवळपास सारखे. त्या दिवशी खाली मांडी घालून शेजारी बसलो, तर त्याचं डोकं माझ्या कानाला लागलं. आईची शिवणाची टेप आणून उभं राहून मापं घेतली. जमिनीपासून माझा गुडघा त्याच्यापेक्षा दीड इंच खाली! म्हणजे माझी उंची पायांत नव्हती, धडात होती. नीलिंगमध्ये डावं कोपर उभ्या डाव्या गुडघ्यावर टेकतं, रायफलचा भार त्याच्यावर. गुडघा बुटका, धड लांब, त्यात मी ठासलेल्या रोलवर बसून धड आणखी वर नेत होतो. मग डोकं खाली वाकणार नाही तर काय होणार? लांब पायाच्या उंच माणसाचं गणित वेगळं, त्याला भरलेला रोल मानवेलही. मला उलटं करायला हवं होतं.

रोज दोन वाट्या ज्वारी काढायची आणि बसून बघायचं, असं सुरू केलं. अकरा वाट्या काढल्या तेव्हा बूड टाचेवर नीट रुतलं आणि पुढं झोकांडी जायची थांबली. पार सपाट केल्यावर घोटा दुखला, म्हणून एक वाटी परत घातली. मग डावा पाय. उंच माणूस तो आपसूक पुढं पसरतो आणि गुडघा आणखी खाली जातो. मी तो मागं ओढला, नडगी उभी केली. कोपर गुडघ्याच्या टोकाच्या किंचित मागं घेतलं (नियमात टोकापासून पुढं १० आणि मागं १५ सेंटिमीटर चालतं). हँडस्टॉप, म्हणजे रायफलीखाली डावा हात अडवणारा खुंटा, दोन बोटं मागं घेतला. हात जवळ आला की मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग जास्त उभा राहतो आणि रायफल वर येते.

क्लबच्या रायफलीवरचं काम पुण्यात केलं. बटप्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) खाली सरकवली, पुढच्या-मागच्या दोन्ही साइटखाली ब्लॉक टाकून त्या सारख्या वर घेतल्या, त्याच मापानं चीकपीसही. बटप्लेट सरकवली की खांदा बदलतो आणि स्लिंग पुन्हा लावावी लागते. एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचा, हे मी दोन दिवस वाया घालवून शिकलो.

बैठक बसली का हे तपासायची रीत सोपी आहे. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. पूर्वी साइट लक्ष्याच्या खाली गेलेली असायची आणि मी ती हातानं उचलायचो. त्या दिवशी डोळे उघडले तर साइट उंचीला बरोबर, फक्त जरा डावीकडं. हातानं न ढकलता रोलवरून अख्खं अंग फिरवलं. मान ताठ होती आणि बघायला भुवई मध्ये येत नव्हती. त्या फेरीत १८६ झाले. उभी रांग मोडून गोळ्यांचा एक वाकडातिकडा पण एकत्र ग्रुप पडला.

उजव्या पायाला पंधराव्या गोळीनंतर मुंग्या येतात, त्यावर इलाज सापडलेला नाही. मध्ये उठून पाय झटकला की बैठक पहिल्यापासून मांडावी लागते. आणि गेल्या आठवड्यात रोलमधून बारीक पीठ गळायला लागलं. उघडून बघितलं तर आत पोरकिडे. आजीनं ज्वारी उन्हात पसरली, मला कडुलिंबाचा वाळलेला पाला आणून दिला आणि म्हणाली, "आता मोजून भर. तुझ्या त्या वाट्या मला सांगू नकोस."