सात थर आणि नेमका गुरुवार

रंगपंचमीसाठी सात रंगांची जेली हवी, अशी ऑर्डर कोथरूडच्या एका सोसायटीतल्या काकूंनी दिली. लेकीने अमेरिकेहून फोटो पाठवला होता. तिकडे सणासुदीला असे रंगीत थर लावतात; एक थर ओतायचा, फ्रीजमध्ये गोठवायचा, मग पुढचा. "अश्शी थलथलली पाहिजे हं," काकू म्हणाल्या.

थलथलायला जिलेटिन लागतं. ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून निघतं आणि सोसायटीत शाकाहारी घरं बरीच. शिवाय मार्चअखेरची पुण्याची दुपार. 35 अंशांच्या उन्हात जिलेटिनची जेली मुलांच्या हातात जाईपर्यंत सरबत झालं असतं. मी चायना ग्रास वापरणार म्हणून सांगून टाकलं. काकूंनी नाक मुरडलं. "त्याची वडी होते गं, जेली नाही." म्हणणं खोटं नव्हतं. पण पावडर हात राखून घातली, अर्धा लिटरला 4 ग्रॅम, आणि मधल्या थरांत थोडं नारळाचं दूध घातलं की दाताला बरंच मऊ लागतं.

आदला दिवस नेमका गुरुवार. पुण्यात गुरुवारचं वेगळं सांगायला नको. दुरुस्तीच्या कामांसाठी कधी पाणी नाही तर कधी वीज नाही. पाणी मी भरून ठेवलं होतं. सकाळी पहिला थर ओतला आणि वीज गेली, ती संध्याकाळपर्यंत येणार नाही असा मेसेज पाठोपाठ आला. काकूंचा फोन आलाच. "फ्रीज बंद ना? मग आता श्रीखंडच सांगू का कुठेतरी?"

"काकू, मला फ्रीज लागतच नाही."

खरंच लागत नाही. चायना ग्रास म्हणजे समुद्री शेवाळाचा अर्क, अगार. तो 35-40 अंशांना, म्हणजे ओट्यावरच, गोठतो आणि पुन्हा वितळायला त्याला 85च्या आसपास तापवावं लागतं. म्हणून गोठलेल्या थरावर दुसरा गरम थर ओतला तरी खालचा हलत नाही. मी मायक्रोबायोलॉजी शिकले, तेव्हा जंतू वाढवायच्या अगारच्या बश्या ओतून हात बसलेला. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत त्यासाठी आधी जिलेटिनच वापरायचे आणि ते उन्हाळ्यात पाघळायचं. तिथल्या वाल्टर हेसे यांना 1881 मध्ये त्यांच्या बायकोने, फॅनीने, अगार सुचवला. ती घरी जेलीला तोच वापरायची. कॉख यांनी 1882च्या लेखात अगारचा उल्लेख केला, बाईंचा नाही. असो.

खरी कसोटी वेळेची असते. माझ्या मदतीला येणाऱ्या मावशी ट्रेजवळ बसून बोट टेकवत होत्या. बोटाला लागायचं नाही, पण वरून किंचित चिकट वाटलं पाहिजे. तेवढ्यात पुढचा थर डावाच्या पाठीवरून अलगद सोडायचा. उशीर झाला की थर एकमेकांना धरत नाहीत, कापताना पत्त्यांसारखे सरकतात. नारळाचं दूध कोमट करूनच मिसळायचं, गार घातलं तर अगार तिथल्या तिथे गुठळ्या धरतो. लिंबू आणि कोकम गॅस बंद केल्यावर. आंबटात उकळला की अगार ढिला पडतो. पंखा बंद होता, त्यामुळे वरची साय धरली नाही. घामाने मात्र आम्ही दोघी निथळत होतो.

रंग सगळे घरचे. तळाला कोकम, मग संत्रं, आंब्याचा रस, खस. निळ्यासाठी गोकर्णाच्या फुलांचं पाणी काढलं. त्यातलंच अर्धं वेगळं घेऊन वर लिंबू पिळलं, तसं डोळ्यांदेखत ते जांभळं झालं. "ताई, हे जादूचं का?" मावशींनी वाटी उजेडाकडे धरून दोनदा खालीवर पाहिलं. त्यांच्या हातून मग तो थर ओतूनच घेतला. नारळाचा पांढरा सगळ्यांत वर.

शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चौकोनी तुकडे मांडले. निम्म्या मुलांनी रंगाच्या हातांनीच उचलले, त्यामुळे पांढऱ्या थरावर गुलालाची बोटं उठली. एक आजोबा बोटाने प्रत्येक थर सोलून वेगवेगळा खात होते आणि सोलला गेला नाही तेव्हा माझ्याकडे रागाने बघत होते. मला ती सगळ्यात मोठी पावती वाटली.

काकूंनी पैसे तिथल्या तिथे दिले. मग हळूच विचारलं, "कडा कापल्यास ना गं? त्यांचं काय केलंस?" मावशींच्या घरी पाठवल्या, म्हटलं. "पुढच्या वेळी त्या मोजून मला दे," काकू म्हणाल्या, "ट्रेचे पैसे दिलेत मी."