अवलंबित ३ : निरंक

निवडणुकीचे फॉर्म भरून देणं हे माझं वकिलीतलं सीझनचं काम. लोकांना वाटतं नाव-गाव लिहिलं की झालं.

२९ ऑक्टोबर २०२४, विधानसभेचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस, दुपारी तीनपर्यंत वेळ. माझे अशील भाऊ २००७ पासून सलग तीन टर्म नगरसेवक, तिन्ही वेळचे कागद माझेच. २०२२ ला पालिकेवर प्रशासक बसला आणि सगळे नगरसेवक रिकामे झाले. त्यात ठाण्याचे शिंदे न् नागपूरचे फडणवीस नगरसेवकापासून मुख्यमंत्री झालेले बघून इकडे वॉर्डावॉर्डात विधानसभेची स्वप्नं पडायला लागलेली.

एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं उमेदवारीचं पत्र, 'निघालाय' एवढंच कळत होतं. मी अर्जाचे चार सेट केले, तीन पक्षाचे, त्याला एकेक सूचक (नाव सुचवणारा त्याच मतदारसंघातला मतदार) पुरतो, आणि चौथा अपक्ष, दहा सूचकांचा. पोरांनी आणलेल्या दहातले दोन शेजारच्या मतदारसंघाचे निघाले, मी यादीत भाग नंबर बघितला नसता तर तो सेट छाननीत गेलाच असता. बी फॉर्मवर सही शाईचीच लागते, व्हॉट्सॲपची प्रिंट चालत नाही, हे कार्यकर्त्यांना दर पाच वर्षांनी नव्याने सांगावं लागतं.

मग नमुना २६, म्हणजे शपथपत्र. यात रकाना कोरा सोडायचा नाही, काही नसेल तर निरंक लिहायचं, नाहीतर नोटीस येते आणि तरी भरला नाही तर अर्ज बाद. स्वतः, पत्नी, अवलंबित १, अवलंबित २ झालं. पुढे मी सवयीने निरंक टाईप करणार तोच भाऊ हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, धाकटी कागदावर भावाकडं आहे ना, तसंच राहू दे."

धाकटी सोळा वर्षांची, हे तेव्हा डोक्यात बसलं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं की नगरसेवकपद जातं. विधानसभेला ही अटच नाही! म्हणजे वॉर्डात गटारं बघायला जो अपात्र, तो त्या गटारांचा कायदा करायला पात्र, हे कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. मी म्हटलं, भाऊ, इथं लिहिलं तर काही होत नाही. ते म्हणाले, "आधीच्या दोन वेळचं काय?"

२०१२ आणि २०१७ चं अपत्यांचं घोषणापत्र मीच टाईप केलेलं. दोनच लिहिलेली.

तेवढ्यात पोरगीच फोटोंचं पाकीट घेऊन आली, "मोठे पप्पा, स्टुडिओवाल्याने आठच दिलेत." भाऊंनी पाकीट घेतलं, तिच्याकडं बघितलं नाही. मी निरंक टाईप केलं, नोटरीने शिक्का मारला.

बी फॉर्म अडीचला आला. २३ नोव्हेंबरला भाऊ आमदार झाले. शपथपत्र आयोगाच्या साइटवर आहे, कुणालाही दिसतं. मी आतापर्यंत चारदा उघडलंय.